गळती कोणाच्या खात्यावर?

घरातल्या फ्रिजला महिन्याला किती वीज लागते, याचा अंदाज करताना माणसे बहुधा दोनपैकी एका टोकाला जातात. कोणी मागच्या पाटीवरचे वॅट वाचून त्यांना चोवीस तासांनी गुणतात. पाटीवर १५० वॅट असले तर दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८ युनिट, असा धडकी भरवणारा आकडा निघतो. कोणी एसी आणि गीझरकडे बोट दाखवून फ्रिजचा विषयच सोडून देतात. दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. कॉम्प्रेसर चोवीस तास पूर्ण जोराने चालत नाही. आत ठरलेली थंडी आली की तो थांबतो किंवा मंदावतो, आणि आतले तापमान चढले की पुन्हा उचल खातो. अडीचशे लिटरच्या आसपासचा आजचा बरा फ्रिज वर्षाला साधारण २०० युनिट घेतो, म्हणजे रोज अर्ध्या युनिटाहून थोडे जास्त. मात्र ही वीज नेमकी कशासाठी लागते, ते पाहिले की हा आकडा यंत्राच्या स्वभावातून आलेला नाही हे लक्षात येते. आत ठेवलेले दूध आणि भाजी एकदा गार झाली की त्यांना गार ठेवायला तत्त्वतः काहीच लागत नाही. वीज लागते ती भिंतींतून, दाराच्या रबराच्या फटीतून आणि उघडलेल्या दारातून आत शिरलेली उष्णता पुन्हा बाहेर फेकायला. फ्रिजचे बिल हे मुख्यतः गळतीचे बिल आहे. गळती किती होणार हे भिंतीच्या जाडीवर अवलंबून असते, आणि भिंत किती जाड करायची हे गेली दोनशे वर्षे एकाच गोष्टीवरून ठरत आले आहे: गळतीचे पैसे कोणाच्या खिशातून जातात. भिंत बांधणाऱ्याच्या खिशातून जात होते तोवर भिंती जाड होत्या. ते दुसऱ्याच्या खिशातून जाऊ लागले तशा भिंती पातळ झाल्या.

विकतचा थंडावा आपल्याकडे नवा नाही. अकबराच्या आबदारखान्यात पाणी सोऱ्याने गार करीत, आणि दरबाराचा मुक्काम लाहोरला हलल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागले. नावांतून, गाड्यांतून आणि माणसांच्या डोक्यावरून येणाऱ्या या बर्फाचे दर ‘आइन-इ-अकबरी’ने दामांत नोंदवून ठेवले आहेत. उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्याच्या कोरड्या रात्री गवताच्या थरावर उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून पहाटे त्यावरचे पातळ बर्फ गोळा करण्याची रीतही होती. पण हे सगळे मोजक्या लोकांसाठी आणि थोडक्या दिवसांसाठी होते. ज्याला व्यापार म्हणावा, ज्यात गळतीचा हिशेब पैशात मांडला गेला, असा उद्योग हिंदुस्थानात आला तो बॉस्टनहून.

फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने १८०६ मध्ये मार्टिनिक बेटावर पहिल्यांदा बर्फ पाठवले आणि त्यात सपाटून मार खाल्ला. बर्फाला तर पैसे पडत नव्हते. हिवाळ्यात तळी गोठत, तिथून ते कापून आणायचे. पैसा वितळत होता तो वाटेत आणि गोदामात. त्यामुळे पुढची पंचवीस वर्षे ट्यूडरची सगळी बुद्धी एकाच प्रश्नात गुंतली: कमी कसे वितळेल? नॅथॅनिएल वाएथ या त्याच्या सहकाऱ्याने १८२५ मध्ये घोड्याने ओढायचा बर्फकापा तयार केला. त्याने एकसारखे चौकोनी ठोकळे निघू लागले, ते एकमेकांना चिकटून रचता आले आणि मधली हवा कमी झाली. भराई म्हणून मेन प्रांतातल्या लाकूड गिरण्यांचा भुसा वापरला जाऊ लागला. तोवर तो गिरणीवाल्यांना डोईजड झालेला कचरा होता. मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. चार महिने प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडणे, आणि तरीही सप्टेंबरमध्ये हुगळीत शिरताना शंभरएक टन बर्फ शिल्लक होते. गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या सरकारने त्यावरची जकात माफ केली आणि माल रात्रीच्या गारव्यात उतरवायला परवानगी दिली. त्याही काळात प्रशासनाला कळले होते की या मालाच्या बाबतीत उशीर म्हणजेच तोटा.

पुढच्याच वर्षी मुंबईत अमेरिकन बर्फ आले. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमान-पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली, असा किस्सा त्या काळच्या वृत्तपत्राच्या हवाल्याने सांगितला जातो. खरे-खोटे त्या पाहुण्यांना ठाऊक. आपल्या विषयाला जास्त उपयोगी आहे ती मुंबईच्या गोदीजवळ उभी राहिलेली घुमटाकार बर्फघराची इमारत. ती आता नाही. मद्रासचे बर्फघर मात्र आजही समुद्रकिनाऱ्यावर उभे आहे; विवेकानंद तिथे राहून गेल्यामुळे ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. दुहेरी भिंती, मध्ये पोकळी किंवा भराई, कमीत कमी उघडी तोंडे, अशी या इमारतींची ठेवण. आतला साठा विक्रेत्याचा असे आणि वितळलेला प्रत्येक शेर त्याच्या नफ्यातून वजा होई. म्हणून भिंतीत घातलेला प्रत्येक रुपया त्याला वसूल होताना दिसत होता. हाच हिशेब आजही मुंबईच्या ससून डॉकवर किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला पाहायला मिळतो. बर्फवाला आपली लादी भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवतो. ऊर्जाबचतीवरचे भाषण त्याला कोणी दिलेले नसते. लादी त्याची आहे, एवढे कारण पुरे.

यावर लगेच आक्षेप येईल की हे तर कोणत्याही नाशवंत मालाचे आहे, त्यात थंडाव्याचे विशेष काय? विशेष काय ते पुढच्या टप्प्यात दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घरोघरी लाकडी बर्फपेट्या आल्या. बर्फवाल्यासाठी खिडकीत २५, ५०, ७५, १०० असे पौंडांचे आकडे लिहिलेले कार्ड लावायचे. जो आकडा वरच्या बाजूला, तेवढे बर्फ आत आणून टाकायचे. थंडाव्याची किंमत घरातल्या बाईला रोज वजनात दिसत होती. आणि तरीही या पेट्यांच्या भिंती वाईट होत्या. मेरी पेनिंग्टन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९२०च्या दशकात बर्फ उद्योगाच्या संघटनेसाठी घरगुती शीतकरणाचे कार्यालय चालवले, तेव्हा चांगल्या भिंतींच्या पेट्यांचा प्रचार हे त्या कामातले एक मोठे अंग होते. बर्फ विकणारा वेगळा, पेटी विकणारा वेगळा, बर्फाचे पैसे भरणारी तिसरीच. पेटी दुकानात दिसायची ती तिच्या ओकच्या लाकडावरून आणि पितळी कड्यांवरून. आतली भराई कोणी उकलून पाहत नव्हते. म्हणजे किंमत नुसती दिसून भागत नाही. ती भिंत ठरवणाऱ्याच्या हिशेबात उतरली नाही, तर दिसत राहते आणि गळत राहते. त्याच शहरांत, त्याच काळात, बर्फ कंपनीच्या स्वतःच्या गोदामांच्या भिंती मात्र जाडजूड होत्या.

विजेचा फ्रिज आला आणि ही फारकत पूर्ण झाली. शिकागोत १९१३ मध्ये बर्फपेटीवर बसवायचे विजेचे यंत्र निघाले. केल्व्हिनेटर आणि फ्रिजिडेअर ही नावे त्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. सुरुवातीला ही यंत्रे फोर्डच्या टी मॉडेल मोटारीपेक्षा महाग होती. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने सीलबंद कॉम्प्रेसर डोक्यावर बसवलेला फ्रिज आणला आणि खऱ्या अर्थाने धंदा उभा राहिला. इथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. जनरल इलेक्ट्रिक ही आधी वीजनिर्मितीची यंत्रे विकणारी कंपनी होती. तिची गिऱ्हाइके म्हणजे वीज कंपन्या. आणि वीज कंपन्यांचे दुखणे असे की संध्याकाळी दिवे लागले की मागणी उसळते, आणि मध्यरात्रीनंतर लाखो रुपयांची यंत्रसामग्री रिकामी बसते. दिवसरात्र थोडी थोडी वीज पिणारे यंत्र प्रत्येक घरात बसले तर यापेक्षा चांगले गिऱ्हाईक कोणते? त्याच काळात गॅसवर चालणारा, फिरता भाग एकही नसलेला, अजिबात आवाज न करणारा फ्रिज स्टॉकहोमच्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधला होता. अमेरिकेत सर्व्हेल कंपनी तो १९५६ पर्यंत विकत राहिली, आणि वीज न पोहोचलेल्या मुलखांत त्याचाच केरोसिनवर चालणारा भाऊ बरीच वर्षे राबला. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी या स्पर्धेचा माग काढला आहे. गॅसचा फ्रिज यंत्र म्हणून कमी पडला, असे त्यांना दिसले नाही. विजेच्या फ्रिजमागे उभी राहिलेली भांडवलाची आणि जाहिरातीची ताकद त्याच्यामागे नव्हती, असे त्यांचे म्हणणे आहे. हे म्हणणे सगळ्यांना मान्य होईल असे नाही, अमोनियावर चालणाऱ्या त्या यंत्राच्याही अडचणी होत्या. पण आपल्या मुद्द्यापुरते एवढे निर्विवाद आहे की फ्रिजने वीज कमी घ्यावी, अशी इच्छा असणारा एकही बलवान माणूस त्या बाजारात नव्हता. बनवणाऱ्याला पर्वा नव्हती आणि वीज विकणाऱ्याला तर गळती म्हणजे कमाई होती. राहिली गृहिणी. तिच्या हाती महिन्याचे एकच बिल येई आणि त्यात फ्रिजचा आकडा वेगळा कधीच नसे.

याचा परिणाम आकड्यांत उतरला आहे. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतला सरासरी नवा फ्रिज आठएक घनफुटांचा होता आणि वर्षाला सुमारे ३५० युनिट घेत होता. १९७४ च्या सुमारास हा आकडा १,७०० ते १,८०० युनिटांवर गेला. फ्रिज मोठे झाले, हे पहिले उत्तर. पण ते अठराएक घनफुटांपर्यंत, म्हणजे सव्वादोन पट मोठे झाले. विजेची भूक पाचपट वाढली. प्रत्येक घनफुटामागे आधी ४४ युनिट लागत होते, तिथे आता शंभराच्या घरात लागू लागले. मधल्या काळात तंत्रज्ञान मागे गेले असेल असे कोणी म्हणणार नाही. मोठा फ्रीझर, आपोआप बर्फ वितळवणारे हीटर या सोयींनी त्यात भर घातली, हे खरे. बाकीचा वाटा मात्र उघड काटकसरीचा होता: बाहेरचा आकार तोच ठेवून आत जास्त जागा दाखवायची म्हणून भिंती पातळ केल्या, मोटारी स्वस्तातल्या बसवल्या. भिंती इतक्या पातळ झाल्या की दमट हवेत त्यांना बाहेरून घाम फुटू लागला. मग तो घाम सुकवायला दाराच्या चौकटीत विजेचे हीटर बसवले गेले. थंड करण्याच्या यंत्राला बाहेरून ऊब द्यायची, ती उष्णता आत झिरपणार, आणि ती बाहेर काढायला कॉम्प्रेसर अधिक चालणार! हे मूर्खपणाचे वाटते, पण कारखान्याच्या हिशेबात ते शहाणपणाचे होते. हीटरची तार ग्लासवूलच्या जाड थरापेक्षा स्वस्त पडते आणि ती तापवणारी वीज कारखान्याच्या खात्यावर पडत नाही.

अर्थशास्त्र शिकलेला वाचक इथे अडवील आणि त्याचा आक्षेप वजनदार आहे. वीज त्या काळी स्वस्त होती. स्वस्त वस्तू जपण्यासाठी महाग भिंत बांधणे हाच अपव्यय ठरला असता. लोकांनी मोठा, स्वस्त फ्रिज निवडला तो समजून-उमजून निवडला. हे खरे असते तर बाजारात जाड भिंतींचे फ्रिज महाग आणि पातळ भिंतींचे स्वस्त दिसायला हवे होते. आर्थर रोझेनफेल्ड हा फर्मीचा शिष्य, बर्कलीचा कणभौतिकीचा प्राध्यापक, १९७३ च्या तेलसंकटानंतर या विषयाकडे वळला. त्याने आणि त्याचा विद्यार्थी डेव्हिड गोल्डस्टाइन याने बाजारातल्या मॉडेलांच्या किमती आणि वीज यांची तुलना केली, तेव्हा दोन्हींत काही संबंधच आढळला नाही. कमी वीज घेणारे फ्रिज महाग नव्हते आणि महाग फ्रिज कमी वीज घेत नव्हते. म्हणजे गिऱ्हाईक तोलूनमापून निवडत होते हे खोटे. ज्या गोष्टीचा आकडा कुठे लिहिलेलाच नव्हता, ती तोलणार कशी? शिवाय अमेरिकेत पुष्कळ फ्रिज बिल्डर आणि घरमालक विकत घेत. त्यांना स्वस्त फ्रिज हवा असे आणि वीज भाडेकरू भरी. भाडेकरूने समजून-उमजून निवड करण्याचा प्रश्नच नव्हता.

यावरचा उपाय शोधाचा नव्हता, खाते बदलण्याचा होता. कॅलिफोर्नियाने १९७४ च्या कायद्याखाली आणि नंतर १९८७ च्या कायद्याने साऱ्या अमेरिकेने ठरवले की अमुक आकाराच्या फ्रिजने वर्षाला अमुक युनिटांहून जास्त वीज घेतली तर तो विकता येणार नाही. आता गळतीची शिक्षा पहिल्यांदाच बनवणाऱ्याला होऊ लागली: त्याचा मालच बाजारातून बाद. १९९०, १९९३, २००१ अशा पायऱ्यांनी मर्यादा आवळत गेली. पफच्या जाड भिंती, चांगले कॉम्प्रेसर, नेटकी रबरे आली. शतकाच्या वळणावर नवा अमेरिकन फ्रिज ५०० युनिटांच्या आसपास होता, १९७४ पेक्षा मोठा होता, आणि महागाई वजा केली तर स्वस्तही होता. नियमांनी वस्तू गरिबाच्या आवाक्याबाहेर जाते, हे भाकीत निदान या वस्तूच्या बाबतीत उलटे ठरले. मधल्या काळात एक गंमतही घडली. अमेरिकेतल्या काही वीज कंपन्यांनी नवी वीजकेंद्रे बांधण्यापेक्षा वीज वाचवणे स्वस्त आहे हे ओळखून, सर्वांत काटकसरी फ्रिज बनवणाऱ्यासाठी तीन कोटी डॉलरचे बक्षीस लावले, आणि १९९३ मध्ये ते व्हर्लपूलने जिंकले. सत्तर वर्षांपूर्वी फ्रिज रात्रभर चालतो म्हणून आनंदणारा हाच धंदा आता तो कमी चालावा म्हणून पैसे मोजत होता. धंद्याचे मन बदलले नव्हते. नव्या वीजकेंद्राचा खर्च आता त्याच्या स्वतःच्या अंगावर येत होता.

भारतात हा इतिहास उशिरा आणि वेगळ्या चालीने आला. गोदरेजने १९५८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने फ्रिज काढला. हैदराबादचा ऑल्विन आणि फरिदाबादचा केल्व्हिनेटर मागोमाग आले. सरकारच्या लेखी ही चैनीची वस्तू होती, तिच्यावर जबर उत्पादन शुल्क होते. मोजके कारखाने, परवान्यांनी बांधलेले उत्पादन आणि वर करांचा बोजा, अशा बाजारात घराची सगळी काळजी एका प्रश्नावर एकवटली: फ्रिज घ्यायला पैसे कधी जमणार? १६५ लिटरचा, एका दाराचा, कुलूपवाला फ्रिज हा मध्यमवर्गीय घराचा मानदंड झाला. तो स्वयंपाकघरात जागा नसली तर दिवाणखान्यात ठेवला जाई आणि त्याचा कोणाला संकोच वाटत नसे. जाहिरातीत पेंग्विन होते, लिटर होते, रंग होते. युनिट नव्हते. इथे आपली तऱ्हा अमेरिकेपेक्षा निराळी होती, हेही नोंदवायला हवे: आपले फ्रिज लहान होते, फ्रीझरमधला बर्फ बटण दाबून हाताने वितळवायचा असे, दाराला घाम सुकवणारे हीटर नव्हते. त्यामुळे आपण अमेरिकेच्या १,८०० युनिटांच्या वेडेपणापर्यंत कधी पोहोचलो नाही. पण हे गरिबीने आणि आकाराने झाले. गळती कमी ठेवण्यात कारखान्याचे हित होते म्हणून झाले नाही, कारण तसे काही हित नव्हतेच. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आले, आकार वाढले. लहान आकाराची आणि साधेपणाची ती तटबंदी गेली तेव्हा तिच्या जागी दुसरी नव्हती.

ती यायला १५ वर्षे लागली. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ऊर्जा दक्षता ब्युरो २००२ चा, आणि ताऱ्यांचे लेबल २००६ पासून, तेही आधी ऐच्छिक. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला ते २०१० पासून सक्तीचे झाले, साध्या डायरेक्ट-कूल फ्रिजला आणखी काही वर्षांनी. लेबलाचे काम दुहेरी आहे आणि त्यातले कमी दिसणारे काम जास्त महत्त्वाचे आहे. ताऱ्यांकडे सगळे बघतात. पण एक ताराही मिळवू न शकणारा फ्रिज विकताच येत नाही आणि ताऱ्यांची पट्टी दर काही वर्षांनी कडक केली जाते, हे बनवणाऱ्याच्या अंगावर येणारे कलम आहे. गिऱ्हाइकाने मात्र ताऱ्यांपेक्षा खालचा आकडा वाचावा, वर्षाला किती युनिट हा. तारे आकारमानाच्या हिशेबाने दिलेले असतात. चारशे लिटरचा अधिक ताऱ्यांचा फ्रिज दोनशे लिटरच्या कमी ताऱ्यांच्या फ्रिजपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. शिवाय लेबलावर वर्ष छापलेले असते, आणि जुन्या पट्टीचे पाच तारे नव्या पट्टीवर कमी भरतात. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

लेबलावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, ठरावीक तापमानाला, दार न उघडता मोजलेला. नागपूरच्या मे महिन्यात तो काय कामाचा, असे विचारले जाते. अर्धा प्रश्न बरोबर आहे. आत ४ अंश आणि बाहेर ३२ अंश असताना भिंतीवरचा फरक २८ अंशांचा असतो. बाहेर ४४ अंश झाले की तो ४० होतो, म्हणजे गळती जवळपास दीडपट, आणि तापलेल्या हवेत उष्णता फेकताना कॉम्प्रेसरही थकतो. त्यामुळे घरातले युनिट लेबलापेक्षा जास्त येणार. पण दुकानात ज्या दोन फ्रिजची तुलना करायची, त्या दोन्हींची गळती त्याच प्रमाणात वाढते. तुलना मोडत नाही, उलट जितका उन्हाळा कडक तितका जाड भिंतीचा फायदा रुपयांत मोठा होतो. दुसरा आक्षेप नेहमीचा: माणसेच दार उघडे टाकतात, गरम आमटीचे पातेले तसेच आत सरकवतात, यंत्राला दोष कशाला? सवयींचा परिणाम होतो, दमट कोकणात तर दाराचे रबर सैल झाले तरी होतो. पण शिरणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग बंद भिंतींतूनच येतो. रात्री दोन वाजता, घर झोपलेले असताना, दार कोणी उघडत नाही आणि कॉम्प्रेसर तरीही घरघरतो. सगळा दोष घरातल्या माणसावर घातला की ती भिंत जाणीवपूर्वक पातळ करणारा आपोआप सुटतो.

राहिला प्रश्न रकमेचा. युनिटमागे ८ रुपये धरले तर वर्षाचे २०० युनिट म्हणजे १,६०० रुपये, दिवसाला साडेचार रुपयांच्या आत. एवढ्यात यंत्र रोज जेवढी उष्णता बाहेर टाकते, ती शोषायला साधारण दहा किलो बर्फ वितळवावे लागले असते. अमेरिकन घराच्या खिडकीतल्या कार्डावरचा २५ पौंडांचा आकडा जवळपास तेवढाच. मग एवढ्या स्वस्त गोष्टीचा बाऊ कशाला? कारण सरासरी दर हा या हिशेबाचा खरा दर नव्हे. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे आहेत, शंभर युनिटांपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० ला दुसरा, आणि अलीकडच्या वर्षांत दुसरा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट राहिला आहे. वर १६ टक्के वीज शुल्क. समजा एका घराचे दिवे-पंखे-टीव्ही मिळून ८० युनिट होतात. नव्या फ्रिजने महिन्याला १७ युनिट घेतले तर घर शंभराच्या आत राहते. जुन्याने ४५ घेतले तर पंचवीस युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि तेच सर्वांत महाग पडतात. आता जुना फ्रिज कोणाच्या घरी असतो ते पाहा. वरच्या मजल्यावरच्या घरात नवा आला की जुना कामाला येणाऱ्या बाईंकडे जातो, कधी फुकट, कधी हजार-दोन हजारांत. देणाऱ्याला वाटते उपकार केला, घेणाऱ्यालाही तसेच वाटते, आणि दरमहा बिल वाढते ते नेमके त्या घराचे, ज्याला पहिल्या टप्प्याची सवलत सर्वांत गरजेची होती. जुन्या वस्तूंच्या बाजारात लेबल लागत नाही, म्हणून तिथे अजून अमेरिकेतला १९४७ नंतरचाच नियम चालतो.

तीच गत भाड्याच्या सजवलेल्या फ्लॅटची आणि पेइंग गेस्टच्या खोल्यांची. पुण्यात, नवी मुंबईत हजारो तरुण अशा घरांत राहतात. फ्रिज मालकाने सर्वांत स्वस्त मिळाला तो आणलेला असतो आणि मीटर भाडेकरूच्या नावे फिरते. अमेरिकेतल्या बिल्डरचे उदाहरण इथे तंतोतंत लागू पडते. भाडेकरारासोबत फर्निचरची यादी जोडायची पद्धत आपल्याकडे आहेच. पलंग किती, पंखे किती, गीझर कोणत्या कंपनीचा, हे सगळे तीत लिहिले जाते. फ्रिजच्या ओळीत लेबलावरचे वार्षिक युनिट आणि लेबलाचे वर्ष एवढे दोन आकडे लिहून घेतले, तर भाडे ठरवतानाच भाडेकरूला घासाघीस करायला कारण मिळेल आणि मालकाला पुढचा फ्रिज निवडताना ते आकडे बघावे लागतील.